दोन कुलपांचा माणूस

नेनेकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते दाराच्या भिंगातून. मला मात्र ते दिसले नाहीत. आम्ही कोलकात्याला नुकतेच आलो होतो, सॉल्ट लेकमधल्या भाड्याच्या घरात अजून निम्मी खोकी उघडायची होती. घरमालकाने जाता जाता सांगितलं होतं की तळमजल्यावर तुमच्याकडचंच एक कुटुंब राहतं. इथल्या दुकानातलं दही गोड, त्याचं विरजण काय लागणार? म्हणून वाटी घेऊन मी खाली गेले आणि घंटी वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

मी नाव सांगितलं. वर राहायला आलेय असंही सांगितलं.

"मूळच्या कुठल्या?"

"साताऱ्याच्या."

"साताऱ्यात कुठे?"

"शनिवार पेठेत."

"काय काम आहे?"

"विरजण हवं होतं थोडं."

मग साखळी न काढता दार चार बोटं उघडलं आणि फटीत जाड काचांचा चष्मा दिसला. "विरजण कशासाठी?"

आता विरजण कशासाठी मागतात, हे मी कसं समजावणार? तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला, "अहो, येऊ द्या तिला आत. विरजण मागायला आलेली बाई दरोडा घालत नाही."

"घालत नाही, पण घर बघून जाते," असं म्हणून काकांनी साखळी काढली.

विरजण मिळालं. माझी वाटी काकांनी उजेडात धरली, तिच्यावर कोरलेलं माझ्या सासूबाईंचं नाव वाचलं, ती आपल्या घरातली नाही याची खात्री केली आणि मगच मला परत दिली. मी वर आले आणि नवऱ्याला म्हणाले, "खाली मराठी पोलीस राहतात."

ते पोलीस नव्हते. एका बँकेच्या परकीय चलन विभागात त्यांचा जन्म गेला होता. शेवटची बदली कोलकात्याची, आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. पुण्यात मुलगा, सून, नातवंडं, सगळं होतं. परत का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पुण्यात ओळखीचे फार. परक्या माणसावर लक्ष ठेवता येतं गं, ओळखीच्यावर ठेवलं की तो रागावतो."

काका उंच, हडकुळे, मान किंचित पुढे काढून चालणारे. दुकानदाराने नोट दिली की आधी उजेडात धरत, मग कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारत. दुधाची पिशवी, औषधाची बाटली, ब्रेडचा पुडा, सगळ्यांवरची तारीख वाचत आणि वाचून झाली की म्हणत, "छापलीय खरी." रिक्षावाल्याने सरळ रस्ता घेतला तरी त्यांना शंका येई की आज हा सरळ का चाललाय. काकू म्हणायच्या, "दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हे पाणीसुद्धा फुंकून पितात." त्या असं म्हणाल्या की काका चष्मा काढून पुसायला लागत. पोळलं कधी आणि कशाने, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. कुठल्याही सामायिक गोष्टीची चर्चा निघाली, मग तो पाण्याचा पंप असो, गच्ची असो, नाहीतर दोन भावांनी मिळून घेतलेली जमीन असो, काका सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "किल्ली कोणाकडे?"

बँकेतल्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, एकाला एकट्याने ती उघडता येत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. घरातही त्यांनी तोच कायदा लावला होता. लोखंडी कपाटाची बाहेरची किल्ली काकांकडे, आतल्या लॉकरची काकूंकडे. एकदा फोर्ट विल्यममधल्या एका मराठी कर्नलच्या मुलीचं लग्न होतं. काका किल्ली खिशात घालून सकाळीच मानिकतल्याच्या बाजारात गेले आणि तिथे एका मासेवाल्याशी वजनकाट्यावरून त्यांची जुंपली. स्वतः मासे खात नसत, शेजारच्या कोणा अनोळखी गिऱ्हाईकाची बाजू घेऊन भांडत होते. काकूंनी वाट वाट पाहिली आणि शेवटी गळ्यात नुसती काळी पोत घालून लग्नाला गेल्या. तिथे सगळ्यांना सांगितलं, "माझे दागिने कस्टडीत आहेत." काका उशिरा पोचले तेव्हा कर्नलसाहेबांनी त्यांना जरा काळजीनेच बाजूला घेऊन विचारलं, "नेनेसाहेब, काही पोलीस केस वगैरे आहे का?"

अशा माणसाला मित्र असेल असं मला वाटलं नव्हतं. पण होता. रस्त्याच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहणारे प्रोफेसर सेनगुप्त. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, छत्री कुठे ना कुठे विसरून येणारे. बालपण बागबाजारात मामाच्या घरी गेलेलं, पण आईवडील मूळचे बरिशालचे, म्हणजे आता बांगलादेशात. घराला कुलूप लावायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. काका संध्याकाळी फिरायला जाताना आधी त्यांच्या घराचं दार ओढून बघत आणि मग त्यांना मैदानावर जाऊन गाठत.

मैदानाभोवती दोघं रोज फिरायचे आणि रोज भांडायचे. भांडण हिंदीत सुरू व्हायचं. रंगात आलं की एक बंगालीत शिरायचा, दुसरा मराठीत, आणि तरीही एकमेकांचं सगळं बरोबर कळायचं. विषय बहुतेक एकच. सेनगुप्तांचं म्हणणं, भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान या सगळ्या शेजाऱ्यांचं चलन एक झालं पाहिजे. एक नोट, ढाक्यात चालेल, कोलकात्यात चालेल, काठमांडूत चालेल.

"अहो, आम्ही बंगाली इथल्या रुपयालाही टाकाच म्हणतो आणि तिथेही टाकाच म्हणतो," ते म्हणत. "माणसांनी कधीच एक करून टाकलंय. सरकारांनाच अजून कळलं नाहीये, नेनेबाबू."

"नोट छापणार कोण?" काका विचारत.

"सगळे मिळून."

"सगळे मिळून म्हणजे कोणीच नाही. भागीचं घोडं किवणानं मरतं. उद्या ढाक्याच्या सरकारला पैसा कमी पडला तर ते दिल्लीला विचारून छापणार का? आणि दिल्लीला कमी पडला तर ढाक्याला विचारणार? युरोपातल्यांनी एक केलं ना चलन? मग ग्रीसचं दिवाळं निघालं तेव्हा जर्मन माणूस काय म्हणाला? आमच्या पैशावर हे बसून खातात. त्याआधी तोच जर्मन तिथे हौसेने सुट्टीला जायचा."

"तुमचा कोणावर विश्वासच नाही!"

"विश्वास पानिपतात गेला," काका थंडपणे म्हणत.

यावर सेनगुप्त हमखास त्यांना 'बर्गी' म्हणायचे. बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या मराठी घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणतात, आणि अजून ते कोणी विसरलेलं नाही. सेनगुप्तांच्या मामाचं घर जिथे होतं, त्या बागबाजारापासूनच बर्गींच्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. "वर्गण्या काढून खणला, नेनेबाबू. आणि तुमचे बर्गी शहरात आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला, त्यात कचरा साठला, डास झाले, शेवटी आम्हीच तो बुजवला. संशयाचा खर्च असा असतो!"

"खंदक होता म्हणूनच आले नाहीत," काका म्हणाले.

यावर सेनगुप्त रस्त्यात उभे राहून इतके हसले की त्यांना बाकावर बसवावं लागलं.

दोन्ही ब्लॉकांतली मंडळी मिळून एकदा भूतानला गेली होती. तिथे भूतानची नोट आणि आपली नोट सारख्याच किमतीला चालतात, हे पाहून सेनगुप्तांना आकाश ठेंगणं झालं. "बघा, बघा! कोणाचं काय बिघडलं?" काका ती नोट उजेडात धरून बघत होते. येताना त्यांनी भूतानची एक नोट मुद्दाम खिशात ठेवून घेतली आणि कोलकात्याला आल्यावर सेनगुप्तांना घेऊन थेट बागबाजारातल्या त्यांच्या लाडक्या मिठाईवाल्याकडे गेले. संदेश घेतले आणि ती नोट पुढे केली. मिठाईवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि हसत परत दिली. सेनगुप्त म्हणाले, "मला ओळखतोस ना? लहानपणापासून येतोय मी." मिठाईवाला म्हणाला, "आपनाके चिनि, दादा. नोटटाके चिनि ना." तुम्हाला ओळखतो, नोटेला ओळखत नाही. काकांना तो दिवस पुढे कित्येक महिने पुरला.

पण हेच काका मी दुसऱ्या रूपातही पाहिले. सेनगुप्तांची मावसबहीण, रानूदी, बरिशालहून बायपासजवळच्या एका हॉस्पिटलात उपचारांसाठी यायची. म्हातारी बाई, कमरेला कापडी पिशवी बांधून तिच्यात बांगलादेशी टका आणायची आणि न्यू मार्केटच्या मागच्या गल्लीत बदलून घ्यायची. दर वेळी ती फसायची. सेनगुप्त चिडून काकांना म्हणाले, "आजारी बाईच्या पैशातून दलाल दोन्ही बाजूंनी खातो. चलन एक असतं तर हा मधला माणूस उरलाच नसता. याला पोसतो कोण? तुमचा अविश्वास!"

काकांनी रानूदी कोणत्या गल्लीत जाते तेवढं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी छत्री घेतली आणि रानूदीबरोबर स्वतः निघाले. सोबतीला मला नेलं, कारण एकट्या परक्या बाईबरोबर गेलो तर लोक काय म्हणतील, ही शंकाही त्यांना होतीच. त्या दिवशी काकांनी ती अख्खी गल्ली पालथी घातली. प्रत्येक दुकानात पाटीवरचा भाव वाचला, आत दिला जाणारा भाव विचारला, दोन्हींत फरक का, हे विचारलं, कमिशन वेगळं की धरून, हेही विचारलं. दुकानदार खुर्च्या द्यायला लागले, मग चहा द्यायला लागले, शेवटी हात जोडायला लागले. एकाने मला हळूच विचारलं, "ये इन्कम टॅक्सवाले हैं क्या?" मी मान हलवली, ती नक्की कशी हलली ते मलाच ठाऊक नाही. रानूदीला चांगला भाव मिळाला. परत येताना टॅक्सीत ती काकांच्या डोक्यावरून हात फिरवून काहीतरी पुटपुटली. काका अवघडून बाहेर बघत राहिले. मग मला म्हणाले, "आशीर्वादच दिला ना गं? की आणखी काही?"

आता ज्या भानगडीमुळे दोघांची दोस्ती पणाला लागली तिची सुरुवात माझ्याच मूर्खपणातून झाली.

दुर्गापूजेच्या तोंडावर, पंचमीच्या संध्याकाळी इथे प्रत्येक ब्लॉकमध्ये आनंदमेळा असतो. घराघरांतून पदार्थ करून आणायचे आणि टेबल मांडून विकायचे. पैसे हातात घ्यायचे नाहीत. लोक कमिटीच्या टेबलावर कूपन विकत घेतात, त्यावर खातात, आणि शेवटी आपण जमलेली कूपनं देऊन कमिटीकडून पैसे घ्यायचे. मी पहिल्याच वर्षी साबुदाणावडे केले. इथे त्यांना 'साबूर बोडा' म्हणतात. झुंबड उडाली. मी खूश. शेवटी कूपनांचा गठ्ठा घेऊन गेले तर खजिनदार म्हणाले, बउदी, म्हणजे वहिनी, यातली अर्धी आमची नाहीत. रस्त्यापलीकडच्या ब्लॉकचाही मेळा त्याच संध्याकाळी होता, त्यांचीही कूपनं पिवळीच, दोन्ही एकाच छापखान्यातली, नाव बंगालीत. आणि मला बंगाली अक्षर ओळखता येत नव्हतं. पलीकडचे लोक उरलेली कूपनं घेऊन माझ्याकडे आले, वडे खाऊन गेले, आणि मी 'या या' म्हणत सगळी घेतली. इतर कोणत्याही टेबलावर ती चालली नसती, कारण बाकीच्या बायकांना वाचता येत होतं.

नेनेकाका म्हणाले, "वाचल्याशिवाय घेतलीस?" सेनगुप्त मात्र स्वतः माझी कूपनं घेऊन आपल्या कमिटीकडे गेले, पैसे आणून दिले आणि तिथेच जाहीर केलं, "हीच तर सीमेवरची अडचण! पुढच्या वर्षी दोन्ही ब्लॉकांचा मेळा एक, मधल्या मैदानावर, आणि कूपन एक!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला, "किल्ली कोणाकडे?"

काकांनी त्या वर्षभर दोन्ही कमिट्यांना नको जीव केला. कूपनं कोण छापणार? जास्तीची छापली तर कळणार कसं? पलीकडच्यांनी आपल्या पाहुण्यांना फुकट वाटली तर आमच्या बायकांनी ती का भरून द्यायची? एका सभेत पलीकडचे सेक्रेटरी उठून उभेच राहिले. "आपनि कि आमादेर चोर भाबछेन?"

"हो," काका म्हणाले. "तुम्हाला, आम्हाला, मलासुद्धा. सगळ्यांना चोर समजून व्यवस्था करा, म्हणजे कोणाला चोर म्हणायची वेळ येणार नाही."

सभा मोडणार असं वाटलं. सेनगुप्तांनी सगळ्यांना खाली बसवलं. ते म्हणाले, "बर्गीला खंदक हवाय, तर देऊ या." ठरलं असं की पत्र्याची एक पेटी आणायची, विकायची कूपनं आणि जमलेली रक्कम तिच्यातच राहील. पेटीला दोन कुलपं. आमच्या ब्लॉकची किल्ली नेनेकाकांकडे, त्यांच्या ब्लॉकची सेनगुप्तांकडे. कूपनावर दोघांची सही. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

मेळा झाला आणि दणक्यात झाला. पुढे दर वर्षी होत राहिला. ती पेटी उघडण्याचा सोहळाच व्हायला लागला. सेनगुप्त आपली किल्ली जानव्याला बांधून ठेवायचे, कारण दुसरीकडे ठेवली तर ती हरवली असती. ती काढण्यासाठी पंजाबीच्या, म्हणजे आपल्या झब्ब्याच्या, गळ्यात हात घालून खुडबूड करायचे, बायका तोंड फिरवून हसायच्या, आणि काका आपली किल्ली कुलपात घालून घड्याळ बघत ताटकळत उभे राहायचे. "चालतंय की नाही सामायिक चलन?" सेनगुप्त दर वर्षी विचारायचे. "चालतंय," काका म्हणायचे, "कारण कुलपं सामायिक नाहीत."

मग काकूंचे गुडघे गेले. मुलगा येऊन स्पष्टच बोलला, आता पुण्याला चला. काकांनी मुलाला डॉक्टरांचे रिपोर्ट दोनदा दाखवायला लावले, पण या वेळी मुद्दा खरा होता. घर आवरलं, सामान गेलं. पूजा तोंडावर आली होती. दोन्ही कमिट्यांनी मिळून निरोपाचा कार्यक्रम ठेवला, मिठाई आली, भाषणं झाली, आणि शेवटी पलीकडच्या सेक्रेटरींनी मोठ्या मनाने सुचवलं की नेनेबाबूंची किल्ली आता सेनगुप्तबाबूंनाच द्यावी. इतक्या वर्षांत एकदाही गडबड झाली नाही. त्यांच्यापेक्षा सरळ माणूस कोण? टाळ्या वाजल्या. सेनगुप्तांनी लाजून हातही पुढे केला.

काका जागेवरून उठले. "नाही," म्हणाले. "त्यांना नको." आणि सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात ठेवली.

सेनगुप्तांचा हात तसाच पुढे होता. तो त्यांनी सावकाश मागे घेतला, धोतराचा सोगा सावरल्यासारखं केलं आणि कोणाशी न बोलता निघून गेले. मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू! एवढ्या वर्षांचा मित्र, निरोपाची वेळ, आणि चारचौघांत त्याला चोर ठरवून हा माणूस मोकळा झाला. मी घरी येऊन ती किल्ली ओट्यावर आपटली. नवरा म्हणाला, तुला दिली याचा तरी आनंद मान. मला कसला आनंद? मला ठाऊक होतं, मला दिली ती विश्वासाने नव्हे, मी या ब्लॉकची म्हणून.

निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. म्हणाल्या, "यांच्याबरोबर पलीकडे जाऊन ये. एकटे जायला धजत नाहीयेत. मी गुडघ्यांमुळे अडलेय."

सेनगुप्तांचं दार उघडंच होतं, नेहमीसारखं. ते खिडकीशी पेपर धरून बसले होते. आम्हाला पाहून पेपर खाली केला नाही. काका बसले नाहीत. उभ्यानेच, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बोलले. हिंदीत सुरुवात केली आणि मग मराठीतच गेले.

"सेनगुप्तसाहेब, सोलापूरच्या शाखेत कामत म्हणून माझा मित्र होता. तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे. आमचे डबे एकत्र उघडायचे. त्याच्या बायकोने केलेली भाजी मी खायचो, माझा डबा तो संपवायचा. मुलाच्या वेळी हिला अचानक कळा सुरू झाल्या. मी माझी किल्ली कामतच्या हातात ठेवली आणि धावलो. नियमात बसत नव्हतं. पण कामत होता ना. त्याच्यावर अविश्वास दाखवायचा कसा? परत आलो तर तिजोरीत रक्कम कमी. चौकशी झाली. मला ताकीद, तो निलंबित. पुढे पुरावा नाही म्हणून सुटला. लोक मला विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणायचो, कामत तसा माणूस नाही. आणि म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटायचा."

सेनगुप्तांनी पेपर खाली केला.

"त्याने पैसे घेतले की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. त्याने मला एकदाच विचारलं, नेने, तुलासुद्धा वाटतं का? मी नाही म्हणालो. पण जरा थांबून म्हणालो. ते थांबणं त्याला कळलं. त्यानंतर आम्ही एकत्र जेवलो नाही. तो गेला तेव्हा मला तिसऱ्याकडून कळलं."

काकांचा आवाज बदलला होता. माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "मी कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे ठेवून मी पुण्याला गेलो, आणि उद्या कोणीतरी फोनवर नुसतं म्हणालं की या वर्षी पेटीत थोडं कमी निघालं, की मी थांबेन. एवढंसं थांबेन. पण थांबेन. मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाहीये हो. आता या वयात दुसरा मित्र कुठून आणू?"

ओट्यावर आपटलेली किल्ली मला आठवली. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. सेनगुप्तांनी पेपरची घडी घातली. मग उठले, जवळ आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "की मुश्किल! मला वाटलं होतं, तुमचा माझ्या सिद्धांतावरच विश्वास नाही."

"तो नाहीच आहे," काका म्हणाले.

परवा टीव्हीवर कोणी तज्ज्ञ शेजारी देशांच्या एका चलनाबद्दल तावातावाने बोलत होते. दोन्ही बाजूंचं ऐकून माझं डोकं भणाणलं. कोणाचं बरोबर, ते मला अजूनही कळत नाही. रानूदीची कमरेची पिशवी आठवली की वाटतं सेनगुप्तांचं बरोबर. कामतचा डबा आठवला की वाटतं काकांचं. काकांचा फोन मात्र पंचमीच्या आधी न चुकता येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि मी 'माझ्याकडे' म्हटलं की दुसरा येतो, "आणि दुसरी?" मी 'त्यांच्याकडे' म्हणते. मग ते सुटकेचा श्वास सोडतात आणि माझी, नवऱ्याची चौकशी करतात.

पण मला काका आठवतात ते त्या सकाळचे. गाडी दाराशी उभी होती. काकू आत बसल्या होत्या, पाय लांब करून. काकांनी गाडीचा नंबर फोनवरच्या नंबराशी ताडून पाहिला, ड्रायव्हरला त्याचं नाव विचारलं, ते चेहऱ्याशी जुळवून पाहिलं. रिकाम्या घराचं कुलूप ओढून पाहिलं, परत जाऊन पुन्हा ओढून पाहिलं. मग बसले. गाडी सुरू झाली आणि लगेच थांबली. काकांनी काच खाली करून मान बाहेर काढली.

"मंजिरी, किल्ली कोणाकडे?"

मी पदराच्या गाठीतून किल्ली काढून वर धरली. काकांनी मान वळवली. रस्त्याच्या पलीकडे सेनगुप्त आपल्या फाटकात उभे होते. त्यांचा हात पंजाबीच्या गळ्यात गेला, नेहमीची खुडबूड सुरू झाली, जानवं अडकलं, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ड्रायव्हर वैतागला, काकूंनी कपाळाला हात लावला. काका हलले नाहीत, मान बाहेर काढून वाट बघत राहिले. शेवटी किल्ली निघाली. सेनगुप्तांनी ती जानव्यासकट वर धरली.

काकांनी चष्मा सावरून आधी माझी किल्ली पाहिली, मग त्यांची पाहिली. दोन्ही नीट पाहून झाल्यावर त्यांनी काच वर केली.